एका खोलीतल्या दोन चुली

लालासाहेबांच्या चाळीत आठ खोल्या होत्या आणि खिडकी एकही नव्हती. मधल्या भिंती आढ्यापर्यंत नेलेल्या नव्हत्या. पुरुषभर उंचीच्या वर सगळं मोकळं. एकीनं मिरचीची फोडणी दिली की आठही घरं शिंकायची, आणि एका घरात भांडण लागलं की बाकीच्यांना कान द्यायचे कष्ट पडत नसत. लालासाहेबांना विचारलं तर म्हणायचे, "त्येनं वारं खेळतं ऱ्हातं." वारं कसलं, धूर खेळायचा. संध्याकाळी सगळ्या चुली पेटल्या की कौलांखाली धुराचा असा थर साचायचा की समोरच्या फळीवरचा डबा दिसत नसे.

आमचं गाव आष्ट्याहून सांगलीकडे जाताना लागतं. नगरपालिका लहान, पण आहे. मी त्या पालिकेच्या बालवाडीत शिकवायची. माहेर माझं वाईचं. लग्न होऊन इथे आले. नवरा मधू एसटीत कंडक्टर, घरी असला की झोपलेला असे. चाळीत मला क्षमा म्हणून कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. सगळ्यांची मी 'बाई'. कागद आला की "बाई, वाचा", कुणा साहेबाशी बोलायचं असलं की "बाई, तुमी म्होरं व्हा." म्होरं व्हायची मला हौसही होती, खोटं कशाला बोलू.

चौऱ्याहत्तर साल उजाडलं ते रॉकेलच्या रांगेतच. तेल आलं की धावपळ, संपलं की भांडण. शेवटी मी स्टोव्ह पुसून फळीवर ठेवला आणि शेजारच्या मनुबाईला म्हटलं, मला एक चूल घालून द्या. तिनं ओढ्याची माती आणि भुसा तुडवून दुपारभरात चूल उभी केली, तिला हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, "आता तुमी आमच्यातल्या झाला."

मनुबाई पस्तिशीची होती, पण खोकला साठीतल्या बाईचा. तिचा नवरा सयाजी गुळाच्या अडतीवर हमाल. पहाटे ती चूल पेटवायची आणि मग खोकला सुरू व्हायचा. ढास लागली की भिंतीपलीकडे मी श्वास धरून बसायची, ही आता परत श्वास घेते की नाही म्हणून. सयाजीनं तिला मिरजेला नेऊन छातीचा फोटो काढून आणला. डॉक्टरांनी सांगितलं, क्षय नाही, हा धूर आहे. अजून दोन-तीन वर्षं अशीच धुरात बसलीस तर छाती कामातून जाईल.

"चुलीपास्नं लांब ऱ्हा म्हंत्यात," मनुबाई मला म्हणाली. "मग भाकरी काय डाक्टर येऊन थापणार हाय?"

आणि तिच्या खोलीत चुली एक नाही, दोन होत्या. दारातून आत गेलं की डाव्या हाताला तिची. उजव्या कोपऱ्यात तिच्या धाकट्या जावेची, विजयमालाची. विजयमालाचा नवरा ज्ञानू सैन्यात; तो तिकडे पठाणकोटला आणि ही इकडे थोरल्या दिराच्या खोलीत. वर्षभरापूर्वी दोघी वेगळ्या झाल्या. का, ते विचारू नका. मनुबाईचं म्हणणं, धाकटी सणाच्या दिवशी न विचारता माहेरी गेली. विजयमालाचं म्हणणं, आक्का चारचौघींत माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. मला वाटतं, तेवढ्याशा खोलीत दोन बायका एकमेकींना कितीशा पुरणार, एवढंच कारण होतं. एके दिवशी धाकटीनं आपली चूल वेगळी घातली. खोली तीच, दार तेच, पण आमच्याकडे चूल वेगळी झाली की घर वेगळं झालं. त्या दिवसापासून एकीच्या चुलीवरचा घास दुसरीनं तोंडात घातला नाही, की एकमेकींशी शब्द बोलल्या नाहीत. पाठीला पाठ लावून दोघी भाकरी थापायच्या. सयाजी बिचारा बाहेर पडवीत निजायचा आणि आत काय चाललंय हे विचारायच्या भानगडीत पडत नसे.

होळीच्या आसपास पालिकेनं एक ठराव केला. गावात भाड्याच्या जितक्या खोल्या आहेत, त्यांत पालिका आपल्या खर्चानं बिनधुराच्या चुली घालून देणार. जळण निम्म्यावर येईल आणि धूर नळातून थेट छपराबाहेर जाईल. चुलीला तोंडं दोन: पुढच्या तोंडाखाली जाळ, मागच्या तोंडाला त्याच जाळाची उरलेली धग. अटीही होत्या. खोलीला चूल एकच. छपरातून नळ काढायचा म्हणून मालकाची सही हवी. आणि मालकानं सही केली की पाच वर्षं त्या खोलीचं भाडं वाढवायचं नाही.

ही शेवटची अट घालणारा जो कुणी सभासद असेल, त्याच्या घरी एकदा जाऊन यावंसं मला वाटलं होतं. गावाच्या पैशानं खोली सुधारायची, आणि सुधारली म्हणून मालकानं भाडं चढवून आतल्या माणसालाच बाहेर काढायचं, हे न होण्यासाठी कुणीतरी आधी विचार केला होता. पालिकेत असा विचार होतो हे मला नवीन होतं.

कागद घेऊन मी लालासाहेबांकडे गेले. माणूस तसा दुष्ट नव्हता. गुऱ्हाळ लागलं की चाळीत घरटी तांब्याभर काकवी पाठवायचा. पण ते त्याच्या मर्जीनं. दुसऱ्या कुणी सांगितलं की करायचं नाही, हा त्याचा नेम.

"छप्पर माजं," तो म्हणाला. "भोक पाडायचं माज्या छपराला. अन् भाडं वाडवायचं न्हाई, ते बी मीच. मग ह्यात माजं काय हाय, सांगा की बाई."

"तुमच्या खोल्यांतला धूर जाईल."

"मी कुटं ऱ्हातो त्या खोल्यांत?"

त्याचा हिशेब चुकत नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी मनुबाईच्या छातीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "बगू. आदी मोजणी तर हुंदे."

मोजणी होणार ही खबर मी चाळीत आणली, आणि तिथेच घोटाळ्याचं बी पडलं. दोनच वर्षांपूर्वीचा दुष्काळ बायकांच्या अंगात अजून होता. खडी फोडायच्या सरकारी कामावर सुकडीचा गोड खाऊ वाटायचे तो माणशी. तेव्हा ज्यांनी शेजारणीचं पोर कडेवर घेऊन रांग धरली त्यांची पोरं जगली, आणि ज्यांनी खरं सांगितलं त्यांना खरेपणाबद्दल कुणी जास्तीची मूठ घातली नाही. सरकार मोजायला आलं की जास्त दाखवायचं, हे त्या तिथे शिकल्या. पालिका खोलीला चूल एक देणार, हे मी चार वेळा सांगितलं. पण त्यांनी आपसांत अर्थ लावला तो असा, की जितक्या चुली दिसतील तितके नळ मिळतील, आणि जास्तीचा नळ विकता येईल किंवा निदान न्हाणीला तरी लावता येईल.

मोजणीच्या दिवशी मी बालवाडीतून परतले तर चाळभर ओल्या मातीचा वास. प्रत्येक खोलीत दुसरी चूल उभी. तिकडच्या टोकाच्या खोलीतल्या शालूबाईकडे तर तीन झाल्या होत्या आणि तिसरीत खरी वाटावी म्हणून राख पसरली होती.

"अहो, हे काय केलंत?" मी म्हणाले.

"तुमी गप ऱ्हावा बाई," शालूबाई म्हणाली. "तुमच्या खोलीतबी एक घातलीया. पैसं न्हाई मागत."

मला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही. पालिकेचा ओव्हरसियर आला, बरोबर लालासाहेब. आणि नवल म्हणजे लालासाहेब हसत होते. प्रत्येक खोलीत ते स्वतः वाकून आत जायचे आणि ओव्हरसियरला दाखवायचे, "ही एक, अन् ती बगा कोपऱ्यात दुसरी. ल्हिवा, ल्हिवा." बायकांना वाटलं, मालकाला दया आली. शालूबाईनं तर त्यांना चहा पाजला. मला मात्र शंका आली, कारण फुकट काम करताना लालासाहेबांना मी कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं सांगलीच्या वकिलाच्या नोटिसा आल्या. आठही खोल्यांना. मी एकेक वाचत गेले आणि बायकांचे चेहरे उतरत गेले. मजकूर एकच: खोली एका कुटुंबाला भाड्यानं दिलेली असताना आत दोन कुटुंबं स्वतंत्र चूल मांडून राहतात, असं पालिकेच्या मोजणीतच सिद्ध झालं आहे, म्हणजे तुम्ही मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवले आहेत, सबब खोली खाली करा. मला डाव लगेच दिसला. आम्ही खोल्या खाली करायच्या, मालकानं नव्या माणसांशी नवं भाडं ठरवायचं, मग पालिकेच्या कागदावर सही करायची. भाडं आधीच चढलेलं, त्यामुळे अट मोडली असंही नाही. नळ गावाच्या पैशाचे, धूर गेलेला, आणि आम्ही ओढ्यापलीकडे झोपड्यांत.

मी त्याच पावली पालिकेत गेले आणि ओव्हरसियरला सगळं सांगितलं. सुकडीची गोष्टही सांगितली. तो डोक्याला हात लावून बसला, मग हसायला लागला, मग गंभीर झाला. म्हणाला, "चूक दुरुस्त करता येते. मंगळवारी संध्याकाळी सभा आहे, तिथे यादी कायम होते. मी मंगळवारी सकाळी येऊन परत मोजतो. त्या वेळी खोलीत चूल एक आणि कुटुंब एक दिसलं तर मालकाच्या नोटिशीत दम राहत नाही, आणि त्याला सही नाकारायलाही कारण राहत नाही. पण दोन दिसली, तर त्या खोलीचं काम कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबेल. माझ्या हातात काही नाही."

कोर्टाचा निकाल म्हणजे किती वर्षं, हे मी त्याला विचारलं नाही. मनुबाईला डॉक्टरांनी दिलेली वर्षं मला माहीत होती.

खोट्या चुली मोडायला वेळ लागला नाही. शालूबाईनं आपल्या दोन्ही खोट्या लाथेनंच पाडल्या आणि वर मलाच म्हणाली, "सांगायचं न्हाई का बाई तुमी आदी!" पण मनुबाईच्या खोलीतल्या दोन्ही चुली खऱ्या होत्या. तिथे एक खरंच मोडावी लागणार होती.

सोमवारी दुपारी मी विजयमालाकडे गेले. आधी तिच्याकडे, कारण ती धाकटी, एकटी, आणि समजूतदार. निदान मला तसं वाटत होतं.

"तुम्ही तुमची काढा," मी म्हणाले. "आक्कांच्या छातीचा प्रश्न आहे."

तिनं काटवटीतलं पीठ झाकलं. "बाई, माजा नवरा तिकडं. ही खोली थोरल्या दिराच्या नावाची. ह्या घरात माजं म्हणावं असं ह्ये एवडंच हाय," ती चुलीकडे बोट करून म्हणाली. "ही मोडली तर मी हितं कोण? पाव्हणी? अन् पाव्हणीनं किती दिवस ऱ्हायचं असतंय?"

खरं सांगायचं तर मी तिच्यावर चिडले होते, आणि तिचं बरोबर होतं म्हणून अधिकच चिडले. दार ओलांडून बाहेर आले तर मागे खणण्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. मनुबाई आपल्या चुलीपुढे उकिडवी बसून खुरप्यानं तिला तोडत होती. इतका वेळ ती तिथेच पाठ करून बसलेली; त्या खोलीत ऐकू न येण्याची सोय नव्हती. जुनी चूल, भाजून दगड झालेली. प्रत्येक घावाला ती खोकत होती. मी खुरपं घ्यायला गेले तर तिनं हात झटकला. बाईनं आपली जळती चूल आपल्या हातानं मोडू नये म्हणतात, आणि हिनं दुसऱ्या कुणाला मोडूही दिली नाही.

माती घमेल्यात भरून ती ओढ्यावर टाकून आली आणि जागा शेणानं सारवली. मग विजयमालाकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं म्हणाली, "मी थोरली हाय. माजी मोडली तरी मी पाव्हणी हुत न्हाई."

त्या संध्याकाळी सयाजी अडतीवरच काहीतरी खाऊन आला. मनुबाई तशीच निजली. विजयमालानं भाकरी थापल्या खऱ्या, पण घे म्हणायला ती धजावली नाही आणि दे म्हणायला ही.

मंगळवारी सकाळी ओव्हरसियर आला, लालासाहेब आले. सात खोल्या झटपट झाल्या. लालासाहेबांचा चेहरा प्रत्येक खोलीगणिक उतरत होता, पण मनुबाईच्या दारात येताच तो खुलला. त्यांनी ओल्या सारवणाकडे काठी दाखवली.

"ही कालच मोडलीया. तुमी बगाच सायेब, वास येतोय अजून. चूल मोडली म्हंजी काय घर एक झालं व्हय? वरीस झालं, ह्या दोगी एकमेकीच्या हातचं पाणी घेत न्हाईत. अक्क्या चाळीला ठावं हाय."

ओव्हरसियर म्हणाला, "मालक, मी चूल मोजायला आलोय."

"मग म्या बी तेच म्हंतो. चूल एक तर ताट एक. व्हय का न्हाई?" त्यांनी दारात जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. अडतीवरचे हमाल होते, बायका होत्या. कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणताच येत नव्हतं. आम्ही सगळे तेच मानत होतो. ओव्हरसियरनंही मान हलवली. लालासाहेब मनुबाईकडे वळले. "मनुबाई, तू जावंच्या चुलीवरली भाकरी हितं माज्याम्होरं खा. मी आत्ता सही करतो, आटी खोल्यांची. ह्ये सगळ्यांच्यात बोलतुया."

तो तिला ओळखून होता. जी बाई चूल मोडेल पण पदर पसरणार नाही, ती चाळीपुढे बसून धाकटीचं अन्न खाणार नाही, एवढी त्याला खात्री होती.

मनुबाई हलली नाही. तिच्या ओठांचा रंग उडाला. विजयमाला आपल्या चुलीपाशी उभी, हातात भाकरीची टोपली, आणि तिच्याही तोंडावर भीती. लोकांना वाटलं, अडली ही. लालासाहेब हसू लागले. मला मात्र तेव्हा आठवलं, वार कुठला आहे ते.

"आज तिचा उपास आहे," मी म्हणाले. "औंधच्या यमाईला नवस बोलली आहे, अकरा मंगळवार निर्जळी धरीन म्हणून. ह्याच खोकल्यासाठी. आठ झालेत."

"व्हय, व्हय," लालासाहेब म्हणाले. "नेमका आजच आला बगा उपास."

"उद्या खाईल ती. उद्या या."

ओव्हरसियरनं माझ्याकडे पाहिलं. त्याला माझं खरं वाटलं होतं, ते दिसत होतं. पण तो हळूच म्हणाला, "बाई, सभा आज आहे."

मनुबाई खाली बसली. सारवलेल्या जागेवर, जिथे काल तिची चूल होती तिथेच. विजयमालाकडे मान वर करून बघत म्हणाली, "वाड."

वर्षात तो पहिला सरळ शब्द. विजयमालानं टोपली छातीशी धरली. "आक्का, आज मंगळवार…"

"ठावं हाय मला. वाड म्हंते न्हवं?"

विजयमालानं भाकरी वाढली, वर झुणका. घाईत थोडा झुणका भाकरीबाहेर सांडला. मनुबाईनं आधी डोळे मिटून हात जोडले. काय म्हणाली देवीला, ते तिलाच ठाऊक. मग तुकडा मोडला आणि खाल्ला. दुसरा मोडला. सबंध भाकरी तिनं संपवली, सांडलेला झुणकासुद्धा बोटानं पुसून घेतला. बरं व्हायच्या आशेनं धरलेलं व्रत ती बरी होण्यासाठीच मोडत होती, आणि हे लालासाहेबांच्या एका सहीसाठी. मला त्या माणसाच्या हातातली काठी घेऊन ओढ्यात फेकावीशी वाटली.

खाऊन झाल्यावर तिनं ताटातच हात धुतला. "झालं?" तिनं विचारलं.

लालासाहेबांनी सही केली. चारचौघांत बोललेला शब्द फिरवणारा तो नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. सही करताना त्यानं मनुबाईकडे पाहिलं नाही. नोटिसांचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

पाडव्याच्या सुमाराला काम झालं. कुंभाराकडचे भाजके नळ आले, कौलं सरकवून वर काढले गेले, त्यांवर पत्र्याच्या टोप्या बसल्या. मनुबाईच्या खोलीत विजयमालाची चूल होती तिथेच नवी बसवली. पुढच्या तोंडाशी विजयमाला बसू लागली, कारण जाळ तिथे आणि छाती हिची चांगली. मागच्या तोंडाशी मनुबाई कालवण ठेवायची. एकीच्या कालवणावाचून दुसरीची भाकरी कोरडी, अशी व्यवस्था त्या चुलीनंच लावून टाकली. बोलणं मात्र मोजकंच. "जरा जाळ वाडीव." "मीठ घाटलं का?" पुढच्या महिन्यात लालासाहेबांनी मळ्यातल्या घरी तसलीच चूल स्वतःच्या खर्चानं घालून घेतली, हे मला शालूबाईकडून कळलं आणि मी पोटभर हसले.

खोकला कमी झाला. एकदम नाही, पण पहाटेची ढास गेली, ओढ्यावरून घागर आणताना ती मध्ये टेकेनाशी झाली. मला आनंद झाला, सयाजीला झाला, एक तिला झाला नाही. अधूनमधून साधा ठसका लागला तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा. परत पहिल्यापासून अकरा मंगळवार धरते म्हणाली, तर सयाजीनं शपथ घातली. अंगात मूठभर मांस नाही, निर्जळी कसली धरतेस.

"अहो, धूर गेला ना आता," मी समजावायला गेले.

"धूर गेला बाई. देवी कुटं गेली?" ती म्हणाली. "तिला दिलेला शबूद मी खाल्ला. ती इचारल्याबिगर ऱ्हाईल व्हय?"

मला राग यायचा, पण कुणावर काढायचा ते कळत नसे.

वैशाखात एका मंगळवारी मी मेथीची जुडी द्यायला त्यांच्याकडे गेले. दुपारची भाकरी चालली होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत, त्या बिनखिडकीच्या खोलीत, दाराच्या उजेडात दोघींचे चेहरे स्वच्छ दिसत होते. पूर्वी त्या वेळेला आत कोण बसलंय हेही कळत नसे. मनुबाई मागच्या तोंडाशी कालवण ढवळत होती आणि टोपलीकडे बघत होती.

"विजे," ती म्हणाली, "त्येंच्या दोन अन् माजी एक. तुजी कुटं हाय?"

"मला भूक न्हाई."

"मागल्या मंगळवारीबी नव्हती."

विजयमाला पीठ मळत राहिली. मळायला काही उरलं नव्हतं तरी.

"त्याच्या मागल्याबी. मला दिसतंय आता हितनं सगळं." मनुबाईनं पळी खाली ठेवली. "पाणीबी पीत न्हाईस तू दिवसभर. खरं सांग."

"उपास हाय माजा."

"कसला?"

"तुमचा मोडला न्हवं? त्यो धरलाय. पयल्यापास्नं, अकरा. पाडव्याच्या आदीपास्नं."

मनुबाईला राग आला, खरोखरचा राग. "खुळी हायस का? नवस माजा. तुजी छाती धडधाकट. तू जाळापुढं निर्जळी बसून मला भाकरी घालतीस अन् मी खाती! दुसऱ्यानं धरल्याला देवीला चालतोय व्हय?"

"दुसऱ्यानं कुटं?" विजयमाला म्हणाली. "चूल एक हाय न्हवं, आक्का? मग घरातल्या कुणीबी धरला, काय झालं? देवी काय ओव्हरसियर हाय व्हय, खोलीत शिरून कुणी खाल्लं अन् कुणी न्हाई त्ये बगायला?"

मनुबाईनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि सवयीनं म्हणाली, "लय धूर झालाय."

मी दारात मेथी घेऊन उभी. वर नळातून धूर सगळा छपराबाहेर चालला होता, खोलीत जरादेखील नव्हता. विजयमालाचे डोळे वाहत होते आणि माझेही, आणि आम्हा तिघींपैकी कुणालाच आता धुराचं नाव सांगायची सोय उरली नव्हती.